विळी

मावशीकडे डोहाळजेवण होतं. भाज्या चिरायला आम्ही सगळ्या जणी गोल करून बसलो होतो. मी विळी पुढे ओढली, तशी मावशीनं ती हळूच काढून घेतली.

"राहू दे गं, तू आपले मटार सोल."

आवाज इतका मऊ होता की मला काय ते कळून चुकलं.

उगाच जीव घाबरा होतो, छाती धडधडते, म्हणून मी डॉक्टरांकडे जाते, हे फक्त ताईला ठाऊक होतं. डॉक्टर म्हणाले होते, पुष्कळांना होतं हे, गोळ्यांनी आणि बोलण्यानं बरं होतं. बोलण्यानं बरं होतं म्हणूनच तर ताईशी बोलले. "माझ्यापाशीच राहील," ती म्हणाली होती.

दुखणं या तोंडातून त्या तोंडात जाताना वाढत असावं. माझ्याकडून नुसती धडधड निघाली होती. मावशीपर्यंत पोचेतो तिचं काय झालं, कोण जाणे.

ताई समोरच कोबी चिरत होती. मान वर करत नव्हती.

"बीपीची गोळी घेतलीस ना गं?" मावशीनं तिला सगळ्यांदेखत विचारलं.

"घेतली की," ताई मोकळ्या आवाजात म्हणाली.

माझी गोळी पर्सच्या आतल्या कप्प्यात होती. ती मी बाथरूममध्ये जाऊन, कडी लावून घेतली.