तिसरा टेक

माझं पहिलं गाणं रेकॉर्ड झालं तेव्हा मी नवी पेठेत एका साड्यांच्या दुकानात कामाला होतो. गाणं माझ्या थोरल्या भावावर होतं. मंद्रूपजवळच्या आमच्या रानात विहिरीवरची मोटार चालू करायला गेला आणि शॉक लागून तिथंच संपला. त्याला दोन वर्षं होत आली होती. गायला मला त्यानंच शिकवलेलं. गावच्या भजनात तो म्हणायचा, मी मागं झील धरायचो. तो गेल्यावर दुकानात घड्या घालता घालता चार ओळी सुचल्या, मग आणखी चार.

नुसतं गाणं कुणी ऐकत नाही, व्हिडिओ पाहिजे, असं सगळे म्हणाले. लग्नाची शूटिंग करणारा एक ओळखीचा तयार झाला. त्यानं गाणं ऐकलं आणि विचारलं, आई आहे ना? मग रडणारी आई दाखवायला दुसरी बाई कशाला आणायची?

मी आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. थापलेली भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "त्याच्यासाटी हाय न्हवं? मग येते की."

सकाळी रानात गेलो. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. कॅमेरावाल्याला ते चाललं नाही, म्हणून शेजारच्या वस्तीवरून एक विटकं मागून आणलं. विहिरीजवळ मोटारीची पेटी अजून तशीच होती. तिच्यासमोर बसायचं आणि रडायचं, एवढंच आईचं काम. कॅमेरावाल्यानं डोळ्यांत घालायला ग्लिसरीन आणलं होतं. आईनं ती बाटली हातानं बाजूला सारली.

ती बसली आणि लगेच रडायला लागली. पेटीवर हात ठेवून, दादाचं नाव घेऊन. संपल्यावर कॅमेरावाला खाली मान घालून म्हणाला की फोकस सुटला.

दुसऱ्या वेळी तिला रडू येईना. ती बसून राहिली, पदर तोंडाला लावला, पण डोळे कोरडेच. ऊन चढत होतं. कॅमेरावाल्याला दुपारी दुसरं काम होतं. तो माझ्याकडं बघायला लागला.

मी आईजवळ गेलो, उकिडवा बसलो आणि म्हणालो, "आई, त्या दिवशी दादाला इथंच खाली निजवलं होतं. त्याचा तळहात काळा पडला होता. ते आठव."

आईनं माझ्याकडं बघितलं. किती तरी वेळ बघितलं. मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं. मी बाजूला सरलो आणि कॅमेरावाल्याला खूण केली. व्हिडिओत आहे तो हा तिसरा टेक.

गाणं चाललं. आमच्या तालुक्यात तर फारच. माणसं दुकानात येऊन माझ्यासोबत फोटो काढायची. नोकरी सोडून मी कार्यक्रम करायला लागलो. आईला बाजारात बाया ओळखायच्या, तू खरंच रडलीस का गं म्हणून विचारायच्या. हळूहळू तिनं बाजाराला जाणं बंद केलं. व्हिडिओ तिनं कधी बघितला नाही. मीही दाखवायला गेलो नाही.

दादाच्या तिसऱ्या वर्षाच्या श्राद्धाला जेवणं उरकल्यावर आम्ही दोघंच ओट्यावर बसलो होतो. मी काहीतरी बोलायचं म्हणून दादाच्या भजनाची आठवण काढली. आई म्हणाली, "मला आता त्यो दिसत न्हाय रं. त्याला आठवाय गेलं की त्यो कॅमेरावाला दिसतो. आन् तू. माझ्याम्होरं बसून सांगतूयास, हात काळा पडला हुता म्हणून."

ती रागावलेली नव्हती. सांगून झाल्यावर उठून खरकटी भांडी गोळा करायला लागली.

दुसऱ्याच दिवशी मी व्हिडिओ काढून टाकला. तोवर तो दहा जणांनी आपापल्या चॅनेलवर चढवला होता. काहींना फोन केले, एक-दोघांनी काढला, बाकीच्यांनी फोन उचललाच नाही.

कार्यक्रमात लोक अजून तेच गाणं मागतात, आणि मी म्हणतो. न म्हणून भागत नाही, असं स्वतःला सांगतो; ते किती खरं आहे, मला ठाऊक नाही. आई आता माझ्या बहिणीकडं, तिच्या सासरी राहते. फोनवर पाऊसपाणी विचारते, जेवलास का विचारते. दादाचा विषय तीही काढत नाही, मीही नाही.