फर्मिनचा डावा पाय

डोंगरातल्या बाग्यो शहराच्या जीपथांब्यावर फर्मिन आगपालोच्या डाव्या पायाची कीर्ती सांगायला फर्मिन एकटाच पुरेसा होता. खचाखच भरलेली जीप बाजाराच्या चढणीवर ब्रेक न लावता नुसत्या क्लचवर तोलून धरायची, ही त्याची विद्या. “आत अंडं ठेवा,” तो म्हणायचा, “घरंगळलं तर नाव बदलीन.” नाव जीपच्या बोनेटवरच होतं, लाल अक्षरांत: ‘चढणीचा राजा’. हँडब्रेक कधीच गंजून गेला होता. राजाला कशाला हवा हँडब्रेक?

हा राजा वर्षात क्लचची तीन बेअरिंगं खाऊन बसला. तिसरं बेअरिंग किंचाळू लागलं, तेव्हा त्याने थांब्यावर जाहीर करून टाकलं की गॅरेजवाली मानांग लुडिंग, म्हणजे लुडिंगताई, नकली माल घालते. नाचता येईना अंगण वाकडं! पण राजाचा शब्द, त्यामुळे दोन दिवसांत लुडिंगच्या गॅरेजकडे एकही जीप वळेना. नवरा गेल्यावर बाईने ते गॅरेज बारा वर्षं एकटीने चालवलं होतं, आणि ते एका बढाईखोराच्या जिभेमुळे बंद पडायची वेळ आली.

तिसऱ्या दिवशी ती स्वतःच थांब्यावर आली.

“फर्मिन, जीप आण. चार ड्रायव्हर साक्षीला आण. माल नकली निघाला तर पाटी उतरवते.”

“आणि नाही निघाला तर मी बोनेटवरचं नाव खरवडतो!” फर्मिन म्हणाला. असली वाक्यं त्याला फार आवडत.

गॅरेजात तिने गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवली. क्लचचं पेडल मोकळं, आवाज नाही. पेडल हाताने जरासं दाबलं आणि गाडीने किंकाळी फोडली.

“गिअरबॉक्स ठणठणीत आहे. हे बेअरिंगच रडतंय.”

मग शाफ्ट सोडवला, गिअरबॉक्स खाली घेतला आणि जुनं बेअरिंग काढून चौघांच्या हातात दिलं. बोटाने फिरवलं की खडखडत होतं. आतलं ग्रीस जळून काळी भुकटी झाली होती.

“पेडल दाबलं की हे फिरतं, सोडलं की थांबतं,” लुडिंग म्हणाली. “हे मात्र दिवसभर फिरत होतं. कुणाचा तरी पाय उचललाच जात नाही.”

“माझा पाय गाडी धावताना खाली फळीवर असतो, मानांग! माझ्या पोराबाळांची शपथ!”

दुपारपर्यंत नवं बेअरिंग बसवून लुडिंगने पेडल दोन बोटं सैल ठेवलं. मग फर्मिन हात धुवायला गेला, तेवढ्यात पेडलशेजारच्या फळीवर एक ताजा पांदेसाल पाव ठेवून दिला. चौघा साक्षीदारांनी ते पाहिलं आणि तोंडं मिटून घेतली.

जीप निघाली. लुडिंग पुढे, साक्षीदार आत, आणि मागच्या पायरीवर नेहमीसारखी फर्मिनची बायको सानिंग. भाडं गोळा करायचं काम तिचं. गावभर चक्कर मारून चढणीच्या मध्यावर फर्मिनने गाडी क्लचवर तोलली आणि विजयी मुद्रेने लुडिंगकडे पाहिलं.

तिने वाकून पाव उचलला. टम्म फुगलेला, जसाच्या तसा.

“फळीवर असतो ना पाय?” असं म्हणून तिने तो खाऊन टाकला. मागे हशा पिकला.

“असेल, असेल सवय!” फर्मिन लाल झाला. “पण या चढणीवर गाडी धरणारा पाय दाखवा दुसरा!”

लुडिंगने मागच्या काचेतून एकवार पाहिलं. “न्यूट्रल कर. आणि दोन्ही पाय वर घे.”

“वेड लागलंय का? थेट बाजारात जाऊ!”

“घे म्हणते ना.”

चौघे ड्रायव्हर बघत होते. फर्मिनने छातीवर क्रूसाची खूण केली, डोळे मिटले आणि पाय उचलले.

जीप जागची हलली नाही.

मागे सानिंग रस्त्यावर उभी होती. हातात दोरी, दोरीच्या टोकाला लाकडी ठोकळा, आणि ठोकळा चाकाखाली.

“कधीपासून?” फर्मिनने विचारलं.

“एकवीस वर्षं.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू ठोकळा फेकून दिला असतास. आत माणसं बसलेली असतात, म्हाताऱ्या.”

फर्मिनने नाव खरवडलं, तेवढं इमान त्याच्यात होतं. लुडिंगच्या दारात जीप परत लागू लागल्या. पण आठवडा उलटला नाही तोच राजेसाहेब थांब्यावर नव्या ड्रायव्हरांना शिकवत होते, “चढणीवर ठोकळा हवाच! मी एकवीस वर्षं लावतोय.”

सानिंग दोरी गुंडाळत ते ऐकत होती.

पुढच्याच फेरीत चढणीवर जीप थांबली. या वेळी पाय ब्रेकवर होता. मागे पायरीवरून कुणी उतरल्याचा धक्का बसला नाही.

“सानिंग, ठोकळा!”

“तूच लावतोस ना एकवीस वर्षं? लाव की.”

ब्रेकवरचा पाय काढता येईना. हँडब्रेक तर नव्हताच. अठरा प्रवासी मान वळवून बघू लागले. फर्मिनची पोटरी थरथरायला लागली.

“सानिंग,” तो अगदी हळू म्हणाला, “उतर ना गं.”

ती लगेच उतरली आणि ठोकळा लावला. आत माणसं बसली होती.