पंपाची किल्ली

झऱ्यापासूनची निम्मी चढण संपली तेव्हा दोमितिलाने पाण्याचे दोन्ही कॅन खाली ठेवले. मागून येणाऱ्या एर्मेलिंदाबाईंनीही आपला कॅन टेकवला आणि वर पाहिलं. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या त्या टेकडीवर गावाचा सौरपंप तीन महिने बंद पडून नुसता ऊन खात बसला होता.

दोमितिला तेवीस वर्षांची. देशाच्या शाश्वत विकासाने तिला आजवर चार प्रशिक्षणं दिली आणि चार टोप्या दिल्या. पाहुणे आले की ती गावात विणलेलं लुगडं नेसून त्यांच्यापुढे नाचायची आणि अहवालात ‘सक्षम युवती’ म्हणून छापून यायची. पंपदुरुस्ती मात्र तिला खरोखरच येत होती. पण नियमाने पंपाची कुलूपबंद पेटी उघडायला तीन वर्षांचा अनुभव लागे, आणि अनुभव मिळवायला पेटी उघडावी लागे.

"बाई, यंदा अहवालात काय लिहिलंत?"

"घरोघरी पाणी पोचलं, असं." शाळेच्या बाई पंपसमितीच्या चिटणीसही होत्या.

"मग खोटं काय त्यात? पोचतंयच की, माझ्या खांद्यावरून!"

बाई हसल्या, पण मान खाली घालून.

"सोमवारी मलेशियाच्या मळ्यांवर मजूर नेणारा दलाल येतोय," दोमितिला म्हणाली. "पंप चालला तर मी त्याच्या करारावर सही करणार नाही. पेटीची किल्ली तुमच्या प्रार्थनेच्या पुस्तकात असते, ठाऊक आहे मला. रविवारी सगळा गाव चर्चमध्ये मिस्साला जाईल, त्याआधी ती मला द्या; तेवढ्या वेळात मी पंप दुरुस्त करते. आणि फादरनी विचारलंच, तर सांगा, दोमितिलाला ताप आलाय."