सव्वा महिना आणि संगणकातला हवालदार

आमच्या मामाजींना सव्वा महिना बाळंतिणीसारखं ठेवलं होतं, त्याची ही हकिकत. मामाजी म्हणजे माझे सासरे. वय एकाहत्तर, आवाज दणदणीत, आणि बाळंतपणाचं कारण डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि म्हणाले, आठ दिवस डोळ्याला पाणी लागू देऊ नका, दोन महिने दिवसातून चारदा थेंब टाका, बाकी खुशाल राहा. सासूबाईंनी ते मान डोलावत ऐकून घेतलं आणि वडनेरला परत येताना गाडीतच आपला निकाल दिला. "आपरेशन ते आपरेशन. सव्वा महिना पाळाच लागते. डाक्टरचं काय, त्याले रोजचंच हाये." घरी पोचताच मामाजींच्या कानात कापूस गेला, डोक्याला मफलर बसला. जेवणानंतर बाळंतशेपा, सकाळी डिंकाचा लाडू. वारा नको, तिखट नको, आणि टीव्ही तर बिलकूल नको. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मिळून मला इतके लाडू मिळाले नव्हते, हे इथे नोंदवून ठेवते.

मामाजींनी सगळं सोसलं, फक्त टीव्हीचं दुःख त्यांना सोसेना. त्या वेळी एका फुकटच्या चॅनेलवर रोज संध्याकाळी सात वाजता एक परदेशी मालिका हिंदीत लागायची. पोलीस खात्यातली एक बाई संगणकावर माणसाचं चित्र काढते आणि तो पडद्यातून बाहेर येऊन चोर पकडतो. त्याच्या अंगाभोवती निळी रेघ असे. तो जेवत नसे, झोपत नसे, आणि वीज गेली की असेल तिथे आडवा होई. खोटं तर त्याला बोलताच येत नसे, कारण त्या बाईने तशी सोयच ठेवली नव्हती. मामाजी त्याला हवालदार म्हणत.

तो त्यांना का आवडला हे मला कळत होतं. गावात धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, तंटा झाला की लोक मामाजींना बोलावत. मामाजींनी सांगितलं धुरा बोरीच्या झाडापासून, की धुरा तिथून. त्यांच्या गवाहीपुढे कोणी कागद काढत नसे. माणसाने आयुष्यभर कमावलं काय, तर एवढंच, असं ते स्वतःच सांगायचे, आणि जरा जास्तच वेळा सांगायचे.

तर संध्याकाळच्या थेंबांची बाटली घेऊन मी गेले की मामाजी डोळा गच्च मिटून घेत. "आंधी सांग, हवालदारानं आज कोणाले पकडलं. मंग टाक."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हट्टी पोरांची मला सवय आहे. पण पोरांना दम देता येतो, सासऱ्याला कसा देणार? शेवटी रोज सातला आवाज बारीक करून मी ती मालिका बघू लागले आणि साडेसातला त्यांना गोष्ट सांगू लागले. डोळा उघडे, थेंब पडे, घर शांत होई.

तेराव्या दिवशी सात वाजता टीव्ही लावला तर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात. चौदाव्या दिवशीही तेल. मालिका बंद झाली होती. का, कोण जाणे; आमच्या घराबाहेर ती कोणी बघत नसावं. पहिल्या दिवशी मी लाइट गेल्याचं निमित्त केलं. दुसऱ्या दिवशी हातात बाटली, समोर मिटलेला डोळा, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आज त्यानं बैलचोर पकडला, मामाजी."

"तिकडं बैल असतात?"

"असतात ना."

डोळा उघडला.

एकदा जीभ सैल सुटली की मग काय! माझं माहेर तळेगावचं, तिथल्या सगळ्या भानगडी कामी आल्या. हवालदाराने लग्नातून चपला पळवणारी टोळी धरली. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापणारे धरले. वजनाआधी कापसावर पाणी मारणाऱ्या माणसाला तर त्याने वजनकाट्यावरच बसवलं. मामाजी इतके हसले की थेंब गालावर पडला. खरं सांगते, मला मजा येत होती. मालिकेच्या मी पाहिलेल्या बाराही भागांत असा दम नव्हता.

पण रोज सकाळी मामाजींचे चार दोस्त बाळंतिणीला बघायला ओसरीवर येत, आणि आदल्या दिवशीचा भाग त्यांना मामाजींकडून साग्रसंगीत मिळे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. त्यांच्यात एक एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर होते. आयुष्यभर बिनतिकीटवाले धरलेला माणूस. एक दिवस ते म्हणाले, "आमच्या घरी तं सात वाजता तेल इकून राह्यले."

"तुह्या टीव्हीले गंज चढला अशीन."

"चौघांच्याही टीव्हीले? काऊन खोटं बोलून राह्यला? असा माणूस धुऱ्यावर गवाही देईन, अन् आमी ती धरायची?"

कानातला कापूस काढून मामाजी म्हणाले, "सव्वा महिना संपला का सात वाजता येजा सारे. आपल्या डोयानं पाहा."

मी आत पोळ्या लाटत होते. तव्यावरची पोळी करपली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सांगून टाक." सांगून टाकणं एवढं सोपं असतं तर मी इतके दिवस हवालदार कशाला पोसला असता? सव्वा महिना संपायच्या आदल्या संध्याकाळी मी भित्र्यासारखी एक युक्ती केली. जिनिंगच्या कारखान्यात चोरांचा पाठलाग करताना वीज गेली आणि हवालदार कापसाच्या ढिगावर आडवा झाला, असं सांगून दिलं. वाटलं, मेला तर प्रश्न मिटेल. मामाजी शांतपणे म्हणाले, "उद्या उठते तो. उद्या तं मीच पाह्यतो."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यांना हळद लावून न्हाऊ घातलं, नवं धोतर दिलं, हातात नारळ ठेवला. सात वाजता चौघे सतरंजीवर ओळीने बसले. मामाजींनी स्वतः टीव्ही लावला. एक बाई जिना चढून दाखवत होती आणि हातात तेलाची बाटली होती.

मामाजींनी रिमोट दोनदा झटकला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नव्या, स्वच्छ डोळ्याने पाहिलं, आणि मला ते बघवेना.

"मामाजी खोटं नाई बोलले," मी म्हटलं. "मालिका बाराव्या दिवशीच बंद झाली. पुढचं सारं मी मनानं सांगत होती."

कंडक्टरांचं तोंड उघडंच राहिलं. "कापूसवाल्याले काट्यावर बसवलं, ते?"

"माझंच."

"अन् चपला?"

"त्याही."

चौघे चहा न घेता गेले. मामाजी एवढंच म्हणाले, "उद्या शाळेतून लवकर येजो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बरोबर घेऊन गावातून फेरी काढली. न्हावी, दूधवाला, किराणा दुकान, चौघे दोस्त. प्रत्येक दारात एकच वाक्य. "पहिले बारा दिवस खरे. बाकी सारं आमच्या सुनेच्या मनातलं. मी वापस घेतो. हे गवाही म्हणून सोबत हाये." मी मान खाली घालून हो म्हणायचं. न्हावी फार हिरमुसला. कापूसवाला पकडला गेलाच नाही, हे त्याला मान्य होईना.

त्यानंतर मामाजी माझ्याशी कामापुरतं बोलत. थेंब सासूबाई टाकू लागल्या, त्यातले निम्मे उशीवर पडत. मला फार लागलं. पुढच्या महिन्यात धुऱ्याचा तंटा निघाला तेव्हा मामाजींना बोलवायला कंडक्टरच आले, तेव्हा कुठे मी पोटभर जेवले.

त्या फेरीनंतर चार महिन्यांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पुन्हा कापूस, पुन्हा मफलर, पुन्हा लाडू. संध्याकाळी साडेसातला आतून हाक आली. "सूनबाई, बाटली घेऊन ये."

मी दारातच थांबले. "मामाजी, मालिका बंदच आहे. मी आता खोटं नाई सांगणार."

"खोटं हाये हे मले मालूम हाये ना? मंग ते खोटं कसं राह्यलं?" ते चिडून म्हणाले. "चार महिने झाले तो त्या ढिगावर पडून राह्यला. कंडक्टर रोज इचारते. लाइट आली का नाई, एवढं सांग."

मी बाटली उघडून जवळ गेले. दोन बोटांनी त्यांनी डोळा आधीच उघडून धरला होता.