काकांच्या कोटाचा डावा खिसा

आत्या तळ्यावर जाते ती खिशात बटणं घेऊन. निघताना शंभर बटणं मोजून उजव्या खिशात टाकायची आणि काठाने चालताना दर दहा पक्ष्यांमागे एक बटण डाव्या खिशात सरकवायचं. फेरी संपली की डाव्या खिशातली बटणं मोजायची, पुढे शून्य मांडायचं, की झाला त्या दिवसाचा आकडा. उजवीकडे उरलेली न मोजताच परत डब्यात. चाळीस वर्षं शाळांचे गणवेश शिवलेली बाई. बटणांना तिच्या घरी तोटा नव्हता.

एकोणीस हिवाळे ही मोजणी दोघांची होती. काका पाणीपुरवठ्याच्या पंपघरात नोकरीला होते. मोजताना त्यांच्या डोळ्यांना दुर्बीण असे आणि तोंडाने ते फक्त "दहा" म्हणत. आत्या तिच्या स्वेटरच्या खिशातलं बटण सरकवी. पुन्हा "दहा". दीड तासात दुसरा शब्द नाही. "भांडायलासुद्धा फुरसत मिळत नाही गं," असं ती कौतुकाने सांगायची.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. त्यांचे कपडे, चपला, औषधं महिन्याभरात कुठे कुठे गेली. राहिली ती दुर्बीण, एक जाड तपकिरी कोट आणि तळ्याचा पश्चिम काठ. डिसेंबरात आत्याने दुर्बीण गळ्यात अडकवली, स्वतःचा स्वेटर कपाटातच राहू दिला आणि काकांचा कोट घातला. तो तिला गुडघ्यांपर्यंत येत होता. शिंपीणबाईने तो आखूड केला नाही.

हिवाळ्यातले पाच रविवार मोजणी चालते. चार काठ चार जणांनी वाटून घेतलेले. सगळ्यांचे आकडे एका वहीत गोळा करतात ते गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे मास्तरच म्हणतात. पश्चिम काठावर दरवर्षी नऊशेच्या आसपास पक्षी असत. या वर्षी पहिल्या रविवारी सहाशे दहा भरले. दुसऱ्या रविवारी पाचशे चाळीस. तिसऱ्या रविवारी चारशे ऐंशी.

त्या संध्याकाळी मास्तर घरी आले. चहा निवेपर्यंत हवापाण्याचं बोलले.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. बाकी तिन्ही काठांवर आकडे बरे आहेत. तुमच्याकडेच निम्म्यावर आलेत. मंडळींचं म्हणणं पडलं की पुढच्या वर्षी पश्चिमेचा काठ दुसऱ्या कुणाला द्यावा."

"माझ्या नजरेबद्दल बोलताय का?"

आत्या उठली, सुई-दोरा घेऊन आली आणि त्यांच्यासमोर पहिल्या झटक्यात दोरा ओवला. तोच बाहेर ओढून सुई त्यांच्या पुढे धरली.

"घ्या. आता तुम्ही दाखवा."

मास्तरांनी तीनदा प्रयत्न केला. दोऱ्याचं टोक पार पिंजलं.

"दोन रविवार उरलेत," ते हसत हसत उठले. "बघू या."

ते गेल्यावर आत्या मला म्हणाली, "तो काठसुद्धा गेला, तर मी सकाळी उठायचं कशाला?" आणि कप विसळायला गेली.

चौथ्या रविवारी मी तिच्याबरोबर गेले. पाण्यावर धुकं होतं. आधी नुसते आवाज आले, मग धुक्यातून एकेक पक्षी सुटा होऊ लागला. कपाळावर पांढरा ठिपका असलेले काळे चांदवे, बुडी मारून भलतीकडेच वर येणाऱ्या टिबुकल्या, वाळक्या फांदीवर पंख पसरून बसलेला पाणकावळा. वळणापलीकडे बदकांचा मोठा थवा होता. आत्या दुर्बिणीतून बघायची, स्वतःशीच "दहा" म्हणायची आणि बटण सरकवायची.

फेरी संपल्यावर बाकावर बसून तिने डावा खिसा रिकामा केला. त्रेचाळीस. पुन्हा मोजली. त्रेचाळीसच.

"आत्या, आपण याहून खूप पाहिले गं."

"पाहिले म्हणजे मोजले नव्हे." उठता उठता तिने खांदा दाबला. "हा कोट दर रविवारी जड होत चाललाय. मला वाटलं, माझेच खांदे थकले."

मी कोटाचा घेर उचलला. आतून खुळखुळ झाली.

आत्याने डाव्या खिशात हात घातला. दोन बोटं तळातून आरपार अस्तरात गेली.

"मागच्या हिवाळ्यात तीनदा सांगितलं त्यांनी. अगं, खिसा फाटलाय. म्हटलं, उद्या शिवते."

घरी येऊन तिने कोटाची दुमड उसवली. शंभरावर बटणं निघाली आणि बोटभर पेन्सिल.

"ही बघ. हिच्यासाठी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता. मीच फेकली म्हणे."

कुठलं बटण कुठल्या रविवारचं, हे आता कळणं शक्य नव्हतं. अंदाजाने चार रविवारांत वाटून टाकू, असं मी सुचवलं.

"अंदाजाने बेतलेला सदरा कुणाच्याच अंगाला बसत नाही."

मास्तरांकडे जाऊन तिने त्याच पेन्सिलीने वहीत लिहिलं: 'चारही रविवारचे पश्चिम काठाचे आकडे रद्द धरावेत. खिसा फाटका होता. चूक माझी.' काठ काढून घेतील याची भीती नाही वाटत का, असं मी वाटेत विचारलं.

"वाटते ना. पण पक्षी आले होते, आणि मी ते आले नाहीत असं लिहून ठेवलं."

शेवटच्या रविवारी मास्तर स्वतः बरोबर चालले. "दिव्याखाली अंधार, ताई," एवढंच म्हणाले. "अंधारच," आत्या म्हणाली. डाव्या खिशाला तिने दुहेरी कापड लावलं होतं. बाकावर बटणं मोजली. अठ्ठ्याहत्तर.

"सातशे ऐंशी." मास्तरांनी आकडा वहीत उतरवला. "म्हणजे थोडे कमीच आलेत या वर्षी."

"हो. कमीच आलेत."

बदकं पाण्याच्या मध्यावर सरकली होती. मास्तरांनी वही मिटली.

"काठ तुमच्याकडेच राहू दे. पण दुर्बीण आणि बटणं, दोन्ही एकटीने करू नका. पुढच्या वर्षी 'दहा' म्हणायला कुणीतरी सोबत घ्या."

आत्याने थोडा विचार केला.

"म्हणेन मी," ती म्हणाली, आणि अठ्ठ्याहत्तर बटणं माझ्या ओंजळीत ओतली.