पदराखालचा हात

"तिचा हात धरू नको गं. गजकर्ण हाय तिला. बांगड्या पदरात टाक."

बाई कासारणीला म्हणल्या. भरल्या मांडवात. त्यांच्या लेकीचं लगीन व्हतं, बायांना वळीनं बसवून बांगड्या भरून राहिले व्हते. मी तांड्यावरची. सात वर्सं त्यांच्या घरी धुणीभांडी करणारी. चार दिसांपासून लग्नाचीच भांडी घासत व्हते. पुढं केलेला हात तसाच राह्यला. कासारणीनं वरूनच डझनभर बांगड्या पदरात सोडल्या. कुणीतरी हसलं. मी गुमान हात पदराखाली घेतला.

तिथंच चुकले.

मंग झाकतच गेले. लांब बाह्यांचे झंपर शिवले. बाळापूरच्या मेडिकलवरून ट्यूब आणायची. चार दिसांत चट्टा जायचा, आठव्या दिशी दुप्पट व्हून यायचा. खाज तर अशी, की जीव नकोसा. पण दवाखान्यात कसं जावं? तिथं हात दाखवावा लागंल ना!

एक दिवस लेकीची येणी घालताना तिच्या मानेवर गोल चट्टा दिसला. आमी मायलेकी एकाच गोधडीत झोपायचो, एकाच टावेलानं अंग पुसायचो. माज्या लाजेपायी लेकराला लागण झाली व्हती. अन् ती मला, तिच्या याडीला, काय म्हणली? "याडी, शाळेत कुणाला सांगू नको." आठ वर्साचं पोरगं. झाकायचं माज्याकडूनच शिकलं. लई रडले मी.

दुसऱ्या दिशी दोघी कळमनुरीला, सरकारी दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी माजा हात सरळ हातात घेतला, उजेडात नेला.

"ती ट्यूब फेका, तिच्यानंच वाढलं. गोळ्या पुऱ्या करा. चट्टा गेला तरी मलम मधीच सोडू नका. कपडे उन्हात वाळवा, टावेल येगळे. दिवसभर ओल्यात काम करता ना? त्यानं बळावतं हे."

ओल्यात! कुणाची खरकटी धुवून धुवून?

औषध चालू हाय. तवापासून बाईंच्या भांड्यांना हात लावला न्हाई. लेकीची मान साफ व्हत आली. माजे चट्टे उतरून राहिले. मांडवातलं ते हसणं मात्र जात न्हाई, खोटं काहून बोलू? तांड्यावरच्या आनखी तिघी पदराखाली खाजवत व्हत्या. त्यांनाबी मी दवाखान्यात घेऊन गेले.

काल बाईंचा गडी आला. "बाईंनी कामाला बलावलं. पण हात झाकून ये म्हणल्या."

लेक दारातच उभी व्हती. तिला आयकू जावं म्हणून मी मोठ्यानं बोलले, "हात उघडाच राहील. बघवत नसंल तर त्यांनी डोळे झाकावेत."