रकान्याबाहेरच्या चिठ्ठ्या

मलकापूरच्या आमच्या हायस्कुलात इंद्रभान सर मराठी शिकवीत. नोकरी सांभाळून ते पीएच. डी. करीत होते. विषय होता मोताळा तालुक्यातल्या वावरांची, म्हणजे शेतांची नावे. आमच्याकडे प्रत्येक वावराला नाव असते: लंगडी पट्टी, सासूचं वावर, भुताचा टप्पर. दर रविवारी सर सायकलने गावोगाव जात, म्हाताऱ्यांशेजारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसत आणि एकेक नाव जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठकोऱ्या तुकड्यावर उतरवीत. चार वर्षांत एक हजार आठशे बत्तीस चिठ्ठ्या जमल्या.

विद्यापीठाला मात्र प्रबंधाची पाने हवी होती. मार्गदर्शक एकदाही मोताळ्याला आले नाहीत. दर सहा महिन्यांनी मात्र शेरा येई, ‘प्रगती नाही.’ १९६६च्या जूनमध्ये शेवटची ताकीद आली. अहवाल समाधानकारक नसेल तर नोंदणी रद्द. अहवालाचा छापील नमुना शाळेमार्फत भरायचा होता, म्हणजे मी, हेडक्लार्कने.

“लिहिलेली पाने?” मी विचारले.

“एकही नाही. अर्धा तालुका बाकी हाय. मोठे बाबू, चिठ्ठ्या लेहा.”

“त्याले रकाना नाही, सर.”

“मंग बाजूले लेहा.”

“रकान्याच्या बाहेर लेहलं तं कागद वापस येते.”

तीस वर्षांत मी रकान्याबाहेर एक अक्षर लिहिले नव्हते. ‘शून्य’ लिहिले, हेडमास्तरांची सही घेतली, शिक्का मारला.

महिन्याभरात नोंदणी रद्द झाली. मी चिडून अर्ज लिहिला, चिठ्ठ्यांची गावनिहाय यादी जोडली. उत्तर दोन ओळींचे होते: मूळ अहवालात चिठ्ठ्यांचा उल्लेख नाही, सबब विचार करता येत नाही. ज्यांनी चिठ्ठ्यांना रकाना ठेवला नाही, तेच उल्लेख कुठे आहे म्हणून विचारीत होते.

ते पत्र घेऊन मी सरांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई तांदूळ निवडत होत्या. सरांनी पत्र वाचून दाखवले. बाईंनी सूप खाली ठेवले.

“बाबू, आमच्या घरचे चार वर्साचे आइतवार कोन्त्या रकान्यात लेहले तुमी?”

सर सायकलमध्ये हवा भरू लागले.

“आता काऊन जाता, सर?”

“उकंडराव ऐंशीच्या वर गेला. त्याच्या शिवारातले चाळीस नावं राह्यले. तो गेल्यावर कोनाले इचारू?” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “हे कोठी लेहू नका. रकाना नाही.”

त्यानंतर पगाराच्या सहीपुरतेच ते माझ्या टेबलाशी येत. मी त्यांना दोष देत नाही.

येत्या मार्चअखेर मी निवृत्त होतोय. त्या नमुन्याची कार्यालयीन प्रत अजून फायलीत आहे. कुठे खाडाखोड नाही, शिक्का सरळ आहे. दर वेळी ती फाडावीशी वाटते, आणि दर वेळी मी ती क्रमाने परत लावून ठेवतो. याचाच जास्त संताप येतो.